ई-सिम, म्हणे सोपं!

पूर्वी फोन बदलला की सिम काढायचं, दुसऱ्यात घालायचं, विषय संपला. आता चिपच फोनात चिकटवलेली आणि प्रोफाइल, म्हणजे आपल्या नंबरची सगळी माहिती, कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवायचं. ऐकायला झकास! आधी ईआयडी, म्हणजे त्या चिपचा ओळख क्रमांक, द्या म्हणे. तो ३२ आकडी! *#०६# दाबून शोधायचा आणि एकेक आकडा तपासत पाठवायचा. मग मेलवर क्यूआर कोड. पण मेल उघडलाय ज्या फोनवर, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? शेवटी विश्रामबागेत झेरॉक्सवाल्याकडे जाऊन प्रिंट मारली. वर तो कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो, प्रोफाइल डिलीट झालं की पुन्हा पहिल्यापासून वरात.

सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद, हे एक समजू शकतो, फसवणूक टळते. पण जुना फोन बंद पडला असेल तर? दुकानात म्हणतात ॲपवरून करा. ॲप म्हणतं ओटीपी टाका. आणि ओटीपी जातो कुठे? त्याच मेलेल्या नंबरवर!

काउंटरवरचा पोरगा मात्र निवांत. "काका, साधं सिम घ्या की, आत्ता देतो."