‘दोन मुलांसाठी अडतीस जणांचं नुकसान’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अपंग मुलांनाही बाकीच्यांबरोबर एकाच वर्गात शिकवावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही स्वतः शिकवता, त्यामुळे ती वरवर वाचून सोडून देणं मला पटलं नाही. तुमचं म्हणणं असं : वर्गात चाळीस मुलं आणि शिक्षक एक. शिकताना अडचण येणाऱ्या दोघांसाठी वेग कमी केला की अडतीस जणांचं नुकसान, परीक्षेत जादा वेळ म्हणजे बाकीच्यांवर अन्याय, आणि विशेष शाळा असताना सगळ्यांना एका वर्गात बसवण्याचा आग्रह कशाला?

एक गोष्ट आधीच मान्य करतो. मदतनीस नाही, साहित्य नाही, प्रशिक्षण नाही आणि मूल तेवढं वर्गात आणून बसवलं, तर मूलही एकटं पडतं आणि शिक्षकही. हे माझ्या लेखात यायला हवं होतं.

वेगाचा मुद्दा मात्र पटत नाही. माझ्या वर्गात कमी ऐकू येणारी एक मुलगी होती. श्रवणयंत्र असूनही बरंचसं ती ओठांवरून समजून घ्यायची. मी फळ्यावर लिहिता लिहिता बोलायचो, म्हणजे नेमकं महत्त्वाचं सांगताना माझी पाठ तिच्याकडे. हे लक्षात यायला मला दीड महिना लागला. त्याचं वाईट अजून वाटतं. मग आधी प्रश्न फळ्यावर लिहायचा, वर्गाकडे वळून तो विचारायचा आणि कुणाचंही नाव घेण्याआधी मनात तीन अंक मोजायचे, अशी सवय लावून घेतली. ती उत्तरं देऊ लागलीच, पण मागच्या बाकावरच्या एका मुलानेही हात वर केला. त्याच्या घरची भाषा वेगळी. तोंडी प्रश्न त्याच्या कानावरून निघून जायचा, लिहिलेला त्याला सावकाश वाचता येत होता. तोवर तो तुमच्या अडतीस जणांतलाच एक होता.

तीन अंक मी मनाने ठरवले नाहीत. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या अभ्यासात दिसलं, की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात.

परीक्षेचं म्हणाल, तर इतिहासाच्या पेपरात आपण इतिहास तपासतो की हाताचा वेग? टंकलेखनाच्या परीक्षेत वेग हेच कौशल्य आहे, तिथे मी तुमच्या बाजूने.

विशेष शाळा बंद करा असं मी म्हणत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या कराराचं कलम २४ सर्वसमावेशक शिक्षण मागतं. त्याच कलमात सांकेतिक भाषा शिकण्याची सोय आणि कर्णबधिर समाजाची भाषिक ओळख जपणंही आहे. खुणांनी बोलणाऱ्या मुलाची भाषा वर्गात कुणालाच येत नसेल, तर ते चाळिसांत बसूनही एकटंच. त्यापेक्षा त्याच्या भाषेत बोलणाऱ्या मुलांची शाळा मला शंभर पटींनी बरी वाटते.

आता तुमच्या वर्गातले दोघं. एकाला वाचताना अक्षरं लावायला त्रास होतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याला मोठ्याने वाचायला अचानक उभं करू नका. धडा आदल्या दिवशी ऐकायला द्या आणि कोणता परिच्छेद वाचायचाय ते आधीच सांगून ठेवा. दुसऱ्याबद्दल ‘त्याला काहीच जमत नाही’ एवढंच लिहिलंय. नेमकं काय जमत नाही, कोणत्या तासाला, कुणाशेजारी बसल्यावर? आठवडाभर टिपून ठेवा आणि मला कळवा. मग पुढचं बोलू.