लाखो रुपये, एक चाळ आणि एक स्मशान

‘भटक्या’ या टोपणनावाने लिहिणारे वाचक, नमस्कार.

व्हिएन्नावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. तिथल्या तिथे उत्तर द्यायला बसले तर ते लांबत गेलं, म्हणून वेगळं लिहिते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लेखात म्हटलं होतं की वेळ कमी असेल तर शॉनब्रुन राजवाड्याच्या आतली तिकिटाची फेरी वगळली तरी चालेल. बाग बघा, टेकडीवरच्या ग्लोरिएट या वास्तूपर्यंत चढा, आणि वाचलेल्या वेळात कार्ल मार्क्स होफ ही कामगार वसाहत आणि सेंट्रालफ्रीडहोफ ही दफनभूमी बघून या. त्यावर भटक्यांचं म्हणणं असं, की तिकिटांची माहिती अपुरी आहे, शाकाहारी जेवणाबद्दल अवाक्षर नाही, स्टेफान्सडोम या कॅथेड्रलच्या मनोऱ्याला पायऱ्या किती ते लिहिलेलं नाही, कला संग्रहालय दोन ओळींत उरकलंय, आणि दोन दिवसांसाठी जाणाऱ्याला हा लेख निरुपयोगी आहे. सगळ्यात शेवटी हे वाक्य : “लाखो रुपये खर्चून आई-वडिलांना युरोपला न्यायचं आणि चाळ नि स्मशान दाखवायचं, हे फक्त रिकामटेकड्या विचारवंतांनाच सुचू शकतं.”

पायऱ्यांचं मान्य, लिहायला हवं होतं. दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, अरुंद आणि गोल फिरत जाणाऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर उत्तरेच्या मनोऱ्यावर जा, तिथे लिफ्ट आहे आणि पुमरिन ही प्रचंड घंटाही तिथेच आहे. १६८३ मध्ये तुर्कांनी घातलेल्या वेढ्यानंतर त्यांच्याकडून हाती लागलेल्या तोफा वितळवून मूळ घंटा १७११ साली ओतली होती. १९४५ च्या आगीत ती खाली कोसळून फुटली, आजची आहे ती १९५१ ची. ही भर मी आज सकाळीच लेखात घातली. म्हणजे सूचना नीट शब्दांत आली की मी ती घेते, एवढं तुमच्या लक्षात यावं.

आता ते शेवटचं वाक्य.

‘वगळा’ आणि ‘वगळली तरी चालेल’ यांत फरक असतो. मी दुसरं लिहिलं होतं, तुम्ही पहिलं वाचलंत. तेही सोडते. पण रिकामटेकडी? तुम्ही मला ओळखत नाही. मी व्हिएन्नात नोकरी करून काही वर्षं राहिले आहे. त्या काळात उन्हाळा सुरू झाला की आमच्या घरी माहेरची, सासरची, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नणंदेची अशी सगळी माणसं उतरायची. त्यांना शहर दाखवायचं काम माझं, तेही सुट्टीच्या दिवशी, आधी डबा करून. शॉनब्रुनच्या दारातली रांग मी इतक्यांदा धरली आहे की आरसे महालाची माहिती झोपेतही सांगेन. सहा वर्षांचा मोत्सार्ट १७६२ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेझापुढे वाजवायला आला तो याच राजवाड्यात. सम्राट फ्रान्झ योझेफ इथेच १८३० साली जन्मला आणि १९१६ साली इथेच गेला. राजवाडा मला ठाऊक नाही म्हणून मी तो टाळायला सांगितला, असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका.

शॉनब्रुनमध्ये १,४४१ खोल्या आहेत. सगळ्यात महागडं तिकीट काढलं तरी त्यातल्या जेमतेम चाळीस बघायला मिळतात, त्याही कानाला यंत्र लावून, पुढच्याच्या पाठीला धक्का न लागेल इतपत अंतर राखत. उरलेल्या खोल्यांमध्ये काय असेल असं तुम्हाला कधी वाटलं का? वरच्या मजल्यांवर भाडेकरू राहतात. साम्राज्य बुडाल्यावर तिथे घरं काढली गेली आणि आजही लोक तिथे भाडं भरून संसार करतात. तेव्हा भटक्या, तुम्ही आई-वडिलांना जिथे अभिमानाने नेलंत, तिथेही वर कुणाचे तरी कपडे वाळत असतात.

चाळीचं म्हणाल, तर मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सगळ्यांचे मिळून संडास, सकाळी हातात बादली. गणपतीत गॅलरी उजळायची वगैरे आठवणी सगळेच सांगतात, बादली कुणी सांगत नाही. त्या चाळी मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधल्या. त्याच दशकात व्हिएन्नाची नगरपालिका काय करत होती ते बघायला म्हणून मी पहिल्यांदा हायलिगेनश्टाटला, म्हणजे त्या कामगार वसाहतीच्या स्टेशनवर, उतरले, आणि तिथे मला माझ्या आजोबांच्या खोलीची आठवण आली. चांगल्या अर्थाने नव्हे.

कार्ल मार्क्स होफ १९२७ ते १९३० या काळात उभं राहिलं, वास्तुकार कार्ल एन. लांबी एक किलोमीटरहून जास्त, घरं १,३८२. प्रत्येक घरात नळ, प्रत्येक घराला स्वतःचा संडास. जागेच्या जेमतेम पाचव्या हिश्शावर बांधकाम, बाकी बागा आणि अंगणं. शिवाय धुलाईघरं, न्हाणीघरं, बालवाड्या, वाचनालय, दवाखाना. पैसा कुठून आला? १९२३ मध्ये शहराने घरांवर कर बसवला, आणि घर जितकं आलिशान तितका दर चढा. त्या करातून बांधलं हे इमारतीवरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. पहिल्या महायुद्धानंतर १९३४ पर्यंत नगरपालिकेने अशी साठ हजारांहून जास्त घरं उभी केली. फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकारी फौजांनी याच वसाहतीवर तोफा डागल्या, कारण आत शस्त्रं घेतलेले कामगार होते. ज्या शहरात राजवाडे बघायला जग लोटतं त्या शहराने राजा गेल्यावर काय केलं, हे कुठल्या महालात दिसेल ते तुम्हीच सांगा.

आणि वाकडी वाट करूनही जावं लागत नाही. शॉनब्रुन आणि कार्ल मार्क्स होफ एकाच भुयारी रेल्वेवर आहेत, यू ४ वर. राजवाड्यापाशी चढायचं, हायलिगेनश्टाट या शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, बाहेर आलात की समोर लालसर रंगाची ती भली मोठी भिंत आणि तिच्या कमानी. तिकीट नाही, रांग नाही. मधल्या अंगणात बाकं आहेत, म्हातारी माणसं बसलेली असतात, तुमच्या आई-वडिलांनाही बसता येईल. फक्त लोकांच्या खिडक्यांत कॅमेरे खुपसू नका, तिथे अजून माणसं राहतात. धुलाईघरातलं छोटं संग्रहालय ठरावीक दिवशीच उघडं असतं, तेवढं बघून जा.

‘स्मशान’ म्हणून तुम्ही जे उडवून लावलंत तिथे बेथोव्हन आणि शुबर्ट आहेत. दोघांनाही १८८८ साली जुन्या दफनभूमीतून उचलून इथे आणलं. १८७४ ला ही नवी जागा सुरू झाली तेव्हा ती फार लांब म्हणून लोक नाराज होते, मोठी नावं आणली की माणसं येतील असा तो हिशेब. म्हणजे पर्यटनस्थळ करायचं हे तेव्हाच ठरलं होतं, मी सुचवलेलं नाही. ब्राम्स आणि योहान स्ट्राउस शेजारीच. मोत्सार्टचं मात्र इथे फक्त स्मारक आहे, त्याला पुरलं ते सेंट मार्क्सच्या दफनभूमीत आणि नेमकी जागा कुणालाच माहीत नाही. मला स्वतःला बोल्ट्झमान या भौतिकशास्त्रज्ञाची समाधी सगळ्यांत आवडते. वर त्याचं एन्ट्रॉपीचं, म्हणजे अव्यवस्था मोजण्याचं, सूत्र कोरलंय, बस्स. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला तिथे जे वाटतं ते आरसे महालात वाटत नाही. यावरही तुम्ही विचारवंत म्हणालात तर म्हणा. ७१ नंबरची ट्राम थेट दारात सोडते.

बाकीच्या मुद्द्यांचं फार नाही. तिकिटांचे दर आणि वेळा सतत बदलतात, ते ज्या त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर बघावेत, मी दरपत्रक चालवत नाही. शाकाहारी जेवण व्हिएन्नात सहज मिळतं, उपाशी कुणी परतलेलं मी पाहिलं नाही. कला संग्रहालय दोन ओळींत उरकलं हे खरं, कारण ब्रॉयगलवर वेगळा लेख लिहायचा आहे. त्याच्या चित्रांचा जगातला सगळ्यांत मोठा संग्रह तिथे आहे. ‘मुलांचे खेळ’ या १५६० च्या चित्रात खाली डाव्या कोपऱ्यात दोघीजणी बसून सागरगोट्यांसारखाच खेळ खेळताहेत. तो आमच्या सासूबाईंनी शोधला, मी नव्हे, आणि मग त्या तिथून हलेनात. त्याच सासूबाई दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर कार्ल मार्क्स होफच्या बाकावर बसल्या आणि धुलाईघराबद्दल प्रश्नावर प्रश्न विचारत राहिल्या. आई-वडिलांच्या वयाच्या माणसांना काय आवडेल हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत, म्हणून सांगितलं.

दोन दिवसांच्या प्रवाशाबद्दल इतकंच, की तो लेख दोन दिवसांच्या प्रवाशासाठी नव्हताच. दोन दिवसांत प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट उरकणाऱ्या सहली मिळतात, त्या तुम्ही जरूर घ्या. बसच्या खिडकीतून रिंगस्ट्रास हा जुन्या शहराभोवतीचा रस्ता दिसेल, ऑपेरापुढे फोटो काढायला वीस मिनिटं मिळतील, विग घालून मैफलीची तिकिटं विकणारे नकली मोत्सार्ट तर स्टेफान्सडोमच्या चौकात फुकट बघायला मिळतात.

यापुढे लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा. मी ते प्रकाशित करेन, उत्तरही देईन.