वाटीभर वरणात प्रोटीन किती?

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या वर्षभरात एकच मेसेज चार वेळा येऊन गेला. पाठवणारा दरवेळी वेगळा, मजकूर तोच. ‘एका महिन्यात १० किलो वजन कमी, पोट सपाट, दंड पैलवानासारखे, तेही घरच्या जेवणात!’ खाली नियम: भात-पोळी बंद. सकाळी अनशापोटी मध-लिंबू. संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. प्रोटीनला वाटीभर वरण आणि मूठभर शेंगदाणे पुरे. पावडर घ्याल तर किडनी जाईल. शेवटी योग्य वजनाचं सूत्र: सेंटिमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करा.

आत्याने हा मेसेज वाचून तीन आठवडे भात सोडला आणि चौथ्या आठवड्यात चिडून दुप्पट खाल्ला. मी काही डॉक्टर नाही. व्यायाम करतो आणि ओट्यावर एक छोटा वजनकाटा ठेवतो, एवढंच. पण या मेसेजची खोट त्या काट्यावरच दिसते. काय खायचं याचे हुकूम त्यात भरपूर आहेत, किती खायचं ते कुठेच नाही.

आधी त्या १० किलोंचं बघू. शरीरातली १ किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. १० किलोंच्या झाल्या ७७,०००, म्हणजे रोज अडीच हजारांहून जास्त तूट. आणि बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईची दिवसाची एकूण गरज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या तक्त्यात १,६६० कॅलरी आहे. ६५ किलोच्या पुरुषाची २,११०. म्हणजे महिनाभर पाण्यावर राहिलं तरी हिशेब जुळत नाही. आठवड्याला अर्धा किलो गेला तर छान चाललंय म्हणायचं. पण ‘महिन्यात दोन किलो’ असं लिहिलेला मेसेज पुढे कोण पाठवणार?

आता भात-पोळी. ती सोडली की पहिल्या आठवड्यात काटा खरंच दोन-तीन किलो खाली येतो, आणि तिथेच माणूस फसतो. पिष्टमय पदार्थांतली साखर शरीर स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा रिकामा झाला की ते पाणी जातं. चरबी बहुतेक जागच्या जागी असते. एक दिवस पोटभर भात खाल्ला की पाणी परत, आणि आपण म्हणतो, ‘बघ, भाताने वजन वाढलं!’

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने २०१८ साली ६०९ जणांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांनी पिष्ट कमी खाल्लं, निम्म्यांनी स्निग्ध. सरासरी घट ६ किलो आणि ५.३ किलो, संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाहीच. म्हणजे भात कमी करून वजन उतरत नाही असं नाही, पण त्याचं कारण भातात काही पाप आहे हे नव्हे. ताटातल्या कॅलरी कमी झाल्या, म्हणून उतरतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना न विचारता एकदम भात-पोळी तोडूच नये. साखर एकाएकी खाली जाऊ शकते.

याच मेसेजच्या एका अवतारात ‘पोळीऐवजी भाकरी, हवी तेवढी’ असंही होतं. ज्वारीचं पीठ आणि कणीक यांच्या १०० ग्रॅममधल्या कॅलरी जवळपास सारख्याच. आमची पोळी ३० ग्रॅम कणकेची होते, भाकरी ६५ ग्रॅम पिठाची. भाकरीला तेल लागत नाही, पोटाला आधारही होतो, हे खरं. पण ‘हवी तेवढी’ नाही.

मध-लिंबाच्या पाण्याने चरबी वितळत नाही. मोठा चमचाभर मधात ६० कॅलरी असतात, त्या उलट मिळतात. आवडत असेल तर प्या.

सातच्या कुलपाबद्दल मला थोडी सहानुभूती आहे. रात्री टीव्हीसमोर फरसाणाचा डबा उघडा पडतो, त्याला कुलूप लागलं तर फायदाच. पण पोटाला घड्याळ वाचता येतं हा दावा वेगळा. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला, २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या. एका गटाने मात्र सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवायचं होतं. वर्षअखेर दोन्ही गटांच्या वजनघटीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. साडेनऊला जेवणाऱ्या नोकरदाराने अपराधी वाटून घेऊ नये. वेळ पाळून प्रमाण सोडलं तर काय होतं, ते आपण एकादशीला बघतोच: साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन जेमतेम, वर दाण्याचं कूट आणि तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगीच नाही पडली.

आता वरण. या मुद्द्यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण तो ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, बरोबर. पण १०० ग्रॅम म्हणजे कोरडी डाळ. आमच्या घरी चार माणसांच्या वरणाची डाळ काट्यावर ठेवली, ती भरली ९० ग्रॅम. माणशी २२-२३ ग्रॅम डाळ, म्हणजे ५ ग्रॅम प्रोटीन. एका अंड्यात ६ असतात. ६० किलोच्या माणसाला साधं निरोगी राहायलाच आयसीएमआरच्या हिशेबाने रोज ५० ग्रॅम लागतात. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील, तर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, म्हणजे ९५च्या घरात. चरबी उतरवताना तर प्रोटीन आणखी महत्त्वाचं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. वरणाच्या वाट्यांनी ९५ गाठायचे तर १९ वाट्या प्याव्या लागतील.

शेंगदाण्यांचं उलटं आहे. प्रोटीन भरपूर, १०० ग्रॅमला २५, पण सोबत साडेपाचशेहून जास्त कॅलरी, कारण जवळपास निम्मा दाणा तेलच. चटणीला, कुटाला उत्तम. प्रोटीनसाठी त्याच्यावर विसंबलात तर पोट सपाट व्हायचं नाही.

मग शाकाहारी माणसाने करायचं काय? घरच्याच जिनसा, मापं बदलून. सकाळी ६० ग्रॅम मुगाची धिरडी आणि पेलाभर दूध, मिळून २० ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ आणि मोठी वाटी दही, सुमारे २५. चार वाजता मूठभर फुटाणे, ६. रात्री एक भाकरी, ४० ग्रॅम सोयाबीन वड्यांचा रस्सा (वड्यांत निम्मं प्रोटीनच असतं) आणि ७५ ग्रॅम पनीर, मिळून ४०. बेरीज नव्वदीत जाते. भाज्या आणि बेताचं तेल धरून कॅलरी १,७००च्या जवळपास. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला यात हळूहळू चरबी उतरेल. वजन वाढवायचंय त्याने भात, दूध, केळी जोडावीत. मासे-अंडी खाणाऱ्यांना तर हे फारच सोपं. आपल्या कोकणातल्या सुक्या बोंबलाकडे हे मेसेजवाले कधी बघतच नाहीत! (मीठ मात्र सांभाळून.) आणि वजनं उचलली नाहीत, तर यातल्या कशानेही दंड भरणार नाहीत.

‘पैलवान काय पावडर खायचे?’ हा मेसेजमधला टाळ्यांचा सवाल. नव्हते खात. पण तालमीतला गडी दोन लिटर म्हशीचं दूध पितो तेव्हा त्याला त्यातूनच ७५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. वर मटण, अंडी, बदामाची थंडाई. हजारो जोर-बैठका आणि लढतीत ते जिरतं. खुराक तोच ठेवून मेहनत सुटलेल्या वस्तादांची पोटं आपण पाहिलेली आहेत. सपाट पोट हे तालमीचं ध्येय कधी नव्हतंच.

राहिली पावडर. चीज करताना दूध नासवलं की जे पाणी उरतं, त्यातलं प्रोटीन वाळवून व्हे पावडर होते. निरोगी मूत्रपिंडं त्याने बिघडतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्यांचा किडनीचा आजार आधीपासून आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी सोयाबीन वड्यासुद्धा विचारूनच खाव्यात. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शिकेत पावडरी टाळा म्हटलंय, आणि भेसळीची, आत मिसळलेल्या साखरेची भीती मलाही रास्त वाटते. पण ‘विष’ आणि ‘गरज नाही’ यांत फरक आहे.

आणि ते उंची वजा १००. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपल्याकडे हडकुळा दिसणारा माणूसही आतून चरबी बाळगून असतो, हे त्या फोटोइतकं चटकन कुणी दाखवलेलं नाही. काटा हे सांगत नाही. कंबर थोडंफार सांगते: पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांनी ८०च्या आत ठेवावी असं दक्षिण आशियाई लोकांसाठी धरतात. आत्याची टेप शिलाई मशीनच्या खणात सापडली.