त्याला 'बस्स' कोण म्हणणार?

शनिवारी ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कट्ट्यावर संजू आला तो गप्पच. कटिंग हातात देऊनही पिईना. शेवटी म्हणाला, "सोमवारपासून बाजीला अंगणात सोडून जावं लागेल. आई साताऱ्याला गेली, हिची शिफ्ट सकाळची झाली. साडेआठ ते सात घरात कुणी नाही."

बाजी म्हणजे त्याचा बॉर्डर कोली जातीचा कुत्रा. दोन वर्षांचा, काळापांढरा, अंगावर दाट दुपदरी केस. घर येऊरच्या पायथ्याशी, बैठं. पुढे अंगण, चार फुटी भिंत, लोखंडी फाटक.

"मग सोड की," प्रकाशदादा म्हणाला. "कुत्रं बाहेरचंच जनावर. आमच्या माण तालुक्यात कुत्रं उंबऱ्याच्या आत आलेलं मी पाहिलं नाही. ऊन, थंडी, सगळं अंगावर घेऊन बारा-बारा वर्षं जगायची. तुम्ही लोकांनी त्यांना सोफ्यावर बसवून नाजूक केलंत."

दादाचं बोलणं उडवून लावता येत नाही. त्याचं बालपण धनगरांच्या वाड्यांशेजारी गेलंय. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन निघालेली बिऱ्हाडं त्याने दरवर्षी पाहिलीत. कुत्र्यांबद्दल तो ऐकीव काही सांगत नाही.

नेहा एका प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिने सरळच विचारलं, "दादा, ती कुत्री दिवसभर एकटी असायची?"

"एकटी कशी असतील? दिवसा मेंढक्यापाठोपाठ, रात्री वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, कडेला."

"आणि मेंढरं हाकायचं कोण?"

"मेंढक्या. कुत्र्याचं काम राखणीचं. लांडग्याची चाहूल लागली की उठायचं, नाहीतर पडून राहायचं."

मला वाटतं चर्चेची गाठ इथेच सुटली. राखणीचं कुत्रं आणि हाकणारं कुत्रं, दोघांनाही आपण मेंढ्यांचं कुत्रं म्हणतो, पण दोघांचं डोकं निराळं. राखणीच्या कुत्र्याला काही घडलं नाही तर स्वस्थ पडून राहता येतं. बॉर्डर कोली इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर घडवला गेला तो हाकण्यासाठी. आजच्या बॉर्डर कोलींचा मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मला. तो न भुंकता, नुसत्या नजरेच्या धाकावर मेंढ्या हलवायचा. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या निवड झाली ती दोन गुणांची: जे हलतं त्यावर नजर खिळवायची, आणि मेंढपाळाच्या शिट्टीकडे कान ठेवायचा. डावीकडे जा, उजवीकडे जा, आडवा हो. आणि काम संपलं की एक शब्द, बस्स झालं. तो शब्द येईपर्यंत हा कुत्रा थांबत नाही. अंगणात एकटं सोडणं म्हणजे त्याची नजर तिथे ठेवायची आणि शिट्टी काढून घ्यायची.

हे मी पुस्तकी बोलत नव्हतो. मागच्या महिन्यात एका दुपारी मी संजूच्या गल्लीतून जात होतो. बाजी फाटकाआड एकटाच होता. पोट जमिनीला टेकलेलं, पुढचा एक पंजा हवेत, डोळे गल्लीच्या टोकावर. स्कूटर आली. ती फाटकासमोर येईपर्यंत तो हलला नाही, आणि मग भिंतीलगत असा सुटला की माती उडाली. टोकाला गेला, वळला, परत फाटकाशी येऊन तसाच दबला. मग शाळेतून येणारी दोन मुलं. मग कुरियरवाला. मी हाक मारली तर कानसुद्धा हलवला नाही. फाटकाची खालची पट्टी लाळेने ओली होती, भिंतीकडेच्या गवतात त्याच्या धावण्याने वीतभर रुंद वाट पडली होती. नाकाचा शेंडा सोलला होता. स्टीलच्या वाडग्यातलं पाणी मी बोट घालून पाहिलं, चहा करायला ठेवल्यासारखं कोमट. सकाळी वाडगं सावलीत ठेवलेलं असणार. आंब्याची सावली दुपारी भिंतीपलीकडे गेलेली.

हे ऐकताना संजू खाली बघत होता. त्याला दुखवायचं नव्हतं, पण सांगणं भाग होतं.

नेहा म्हणाली, "हा ऑक्टोबर आहे. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. बाकी अंग गार करायचं ते धापा टाकून, आणि ठाण्याच्या दमट हवेत ते वाफारणंच नीट होत नाही. धावत राहिलेला कुत्रा तापत जातो. ताप एकेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेला की जिवावरचं काम. आणि उकडतं म्हणून केस भादरू नकोस, ते ऊनही अडवतात."

"बांधून ठेवलं तर?" संजू.

"अजिबात नको," दादाच म्हणाला. "भिंतीवरून उडी मारली आणि साखळी अडकली तर लटकेल." १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही आखूड किंवा जड साखळीने जास्त वेळ बांधणं गुन्हाच आहे, हे मी जोडलं.

मग दादाच स्वतःहून पुढे बोलला. आता सहा-सव्वासहाला अंधारून येतं, संजू सातला परततो. मधला पाऊण तास. मागे येऊरचं जंगल, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानच. बिबट्या खाली उतरतो आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं खाणं. चार फुटांची भिंत त्याला भिंत नाहीच. "आमच्याकडे अंधार पडला की कुत्र्यांजवळ माणूस असायचा, शेकोटी असायची," दादा म्हणाला.

पण त्याने एक प्रश्न सोडला नाही, आणि तो रास्त होता. "अंगण नको, ठीक. मग साडेदहा तास घरात कोंडणं चांगलं का?"

नाहीच. माझं मत मी तिथेच सांगितलं: जाळी लावलेल्या खिडकीच्या, पंखा चालू असलेल्या खोलीत चार-पाच तास ठीक, तेही सकाळी तासभर नीट फिरवून, डोक्याला काम देऊन. जेवण वाडग्यात न देता घरभर लपवून ठेवायचं, नाकाने शोधू दे. बाहेर अंगणात मात्र एकटा पाच मिनिटंही नको. नेहाने मधेच आणखी एक सांगितलं. गवतातल्या गोचिडांसाठी कुणी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सुचवलं तर डॉक्टरांना आधी कोली असल्याचं बजावून सांग. त्या कुळातल्या काही कुत्र्यांत जनुकाच्या दोषामुळे ते औषध थेट मेंदूवर जातं. बॉर्डर कोलीत हा दोष कमी, पण विचारायला काय जातं?

उरलेल्या वेळाचं काय, यावर कुणी बोलेना. तलावावरचे दिवे लागले. दादाने ग्लास खाली ठेवला.

"दुपारी मी मोकळाच असतो. एकला येईन, माझ्या घरी नेईन, तू सातला तिकडूनच घेऊन जा. चावी दे."

संजूला पटकन बोलता येईना. त्याने जुडग्यातून चावी काढून दिली.

"आणि त्याला थांबवायचं कसं? कोणता शब्द कळतो?"

"बस्स बाजी. हळू म्हणायचं, ओरडायचं नाही."

दादाने चावी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि हलक्या आवाजात दोनदा म्हणून पाहिलं. "बस्स बाजी. बस्स."