विकिपीडियावरचे वाद मिटवायला तिसरा माणूस लागतो आणि मराठीत नेमका तोच नाहीये

"विकिपीडियावर काय, कोणीही काहीही लिहितं." हे वाक्य ऐकलं की मला दरवेळी थांबून बोलावंसं वाटतं, कारण कोणीही लिहू शकतं हे खरंय पण काहीही लिहिलेलं तिथे टिकत नाही, आणि का टिकत नाही हे कळायला तिथली भांडणं बघायला लागतात. मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं फावल्या वेळात लिहिते, इंग्रजीतही थोडंफार करते. लेखापेक्षा लेखाचं चर्चा पान वाचण्यात मला जास्त रस असतो. लेखातली एक ओळ कशी ठरली, कोण कशावर अडून बसलं, कोणी कुठला संदर्भ आणला, सगळं तिथे तारखेसकट पडलेलं असतं, कोणालाही वाचता येतं.

बेळगावचंच घ्या ना. इंग्रजी विकिपीडियात भारतातल्या गावांच्या लेखात पहिल्या ओळीत गावाचं नाव स्थानिक लिपीत लिहायची पद्धत होती. आता बेळगावात कानडी आधी लिहायचं की मराठी? एकाने मराठी पुढे घ्यायचं, दुसऱ्याने काढून टाकायचं, तिसऱ्याने परत टाकायचं. आणि हे एकट्या बेळगावचं नव्हतं, हिंदी-उर्दूवरून, नट-नट्यांच्या नावांवरून, सगळीकडे तेच चाललेलं. शेवटी २०१२ मध्ये भारताबद्दल लिहिणाऱ्या संपादकांनी जाहीर चर्चा घेऊन ठरवलं की भारताच्या लेखांच्या प्रस्तावनेत कुठलीच भारतीय लिपी नको, उच्चार दाखवायचा तर आंतरराष्ट्रीय उच्चारचिन्हं वापरा. मला हा निर्णय अजिबात पटलेला नाही. आपल्या गावाचं नाव आपल्या अक्षरात दिसू नये याचं वाईट वाटतं. पण मी तो पाळते, कारण ज्या चर्चेतून तो झाला ती उघड झाली, दोन्ही बाजूंचं म्हणणं तिथे नोंदलेलं आहे, आणि उद्या माझ्याकडे नवा मुद्दा असेल तर तो विषय परत काढता येतो. न पटलेला निर्णयही माणूस मानतो तो यामुळे.

पद्धत खरं तर सोपी आहे. तुम्ही बदल केला, कोणीतरी तो उलटवला, की तोच बदल परत दामटायचा नाही, चर्चा पानावर जाऊन विचारायचं की बाबा का काढलंस. इंग्रजीत नियम असा की एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलंत तर ब्लॉक होऊ शकता, म्हणजे तुमचं लिहिणं बंद केलं जाऊ शकतं. उघड उघड नासधूस परतवली तर चालतं, पण "माझंच बरोबर होतं" हे कारण चालत नाही. नव्या लोकांना हे फार लागतं, की माझ्याकडे पुस्तक आहे, पान नंबर आहे, तरी मलाच ब्लॉक? हो, तरीही, कारण पुस्तक दाखवायची जागा चर्चा पान आहे. दोघांचं जमलंच नाही तर तिसऱ्या कोणाचंतरी मत मागायची सोय आहे, त्यानेही नाही भागलं तर सगळ्यांना बोलावून चर्चा मांडतात, ती साधारण ३० दिवस चालते, आणि मग वादात नसलेला एखादा अनुभवी सदस्य सगळं वाचून निष्कर्ष लिहितो. तो निष्कर्ष हात मोजून लिहायचा नसतो. वीस जण नुसतं "पाठिंबा" लिहून गेले आणि दोघांनी धड संदर्भ दिले तर वजन त्या दोघांना, निदान तसं अपेक्षित तरी आहे. सगळ्यात वर २००४ पासून एक लवाद समिती आहे, संपादकांनीच निवडलेली, आणि ती मजकुरावर निकाल देतच नाही, फक्त कोण कसं वागलं ते बघते. मला ही तिथली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. इतिहासात खरं काय ते समितीने ठरवायचं नाही.

वेळ लागतो, खूप लागतो. दह्याच्या लेखाचं इंग्रजी शीर्षक, त्यात एक 'एच' हवा की नको, यावर २००३ ते २०११ वाद चालू होता. लोकांना हा येडेपणा वाटतो. मला नाही वाटत. आठ वर्षं परक्या देशांतली माणसं एका अक्षरावर भांडली, मिटवलं, आणि लेख तोवर सुधारतच राहिला, याचं मला अप्रूप आहे.

आपल्याकडचं उदाहरण देते. शिवाजी महाराजांची जन्मतारीख. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही राज्य सरकारने मान्य केलेली, जेधे शकावली या जुन्या तारीखवार नोंदवहीचा आधार असलेली, आणि दुसरी वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७. यावर घरातल्या घरात भांडणं होतात हो! विकिपीडियाच्या संपादकाने इथे "मला काय पटतं" हे बाजूला ठेवायचं असतं. कोणती तारीख कोण मानतं, कशाच्या आधारावर मानतं, आज सर्वसाधारणपणे कुठली स्वीकारली जाते, एवढं नीट लिहायचं. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं लेखात दिसलं, त्याच्या नावागावासकट दिसलं, की निम्मा जोर तिथेच ओसरतो. उरलेला निम्मा संदर्भांनी ओसरतो. तरीही ज्याला फक्त दुसऱ्याची तारीख पुसायचीये त्याचं समाधान होत नाही, त्याला इलाज नाही.

आता मराठीचं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि सगळ्यांनी जमून बोलायच्या पानाला तिथे 'चावडी' म्हणतात, केवढं छान नाव! पण चावडीवर माणसं कुठायत? नियमित लिहिणारे थोडे, प्रचालक, म्हणजे ब्लॉक करण्यासारखे जादा अधिकार असलेले सदस्य, बोटावर मोजण्याइतके, लवाद समिती नाहीच. त्यामुळे होतं काय की दोघांचं वाजलं की तिसरं मत द्यायला जो येतो तो या दोघांपैकी एकाला आधीच ओळखत असतो नाहीतर त्या वादात कधीतरी स्वतः बोललेला असतो. मग कितीही चांगल्या मनाने निर्णय दिला तरी हरलेल्याला वाटतं आपल्याला गटाने हरवलं, आणि तो निघून जातो. जाती, संत, घराणी, किल्ले यांच्या लेखांत हे जास्त होतं, कारण तिथे माणूस स्वतःचं घर वाचवल्यासारखा भांडतो. मराठी विकिपीडियात भांडणं फार होतात ही तक्रार मला मान्यच नाही. भांडणं कमीच होतात, ती ऐकून घेणारा त्रयस्थ मिळत नाही, आणि चांगली माणसं गमावतो ती त्यामुळे.

छोट्या विकिपीडियाचं पुढे काय होऊ शकतं तेही बघून ठेवा. क्रोएशियन विकिपीडिया निदान २०११ ते २०२० एका लहानशा गटाच्या ताब्यात होता. प्रचालक त्यांचेच, विरोध करेल त्याला ब्लॉक, आणि इतिहासाचे लेख कट्टर राष्ट्रवादी बाजूला झुकवलेले. शेवटी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये त्यावर अहवाल काढला. नियम तिथेही होते. ते पाळले जातायत का बघायला बाहेरची, पुरेशी माणसं नव्हती. मराठीत असं झालंय असं मी म्हणत नाही. होऊ नये म्हणून बोलतेय.

आणि २०२५ च्या फेब्रुवारीतला इंग्रजी विकिपीडियातल्या संभाजी महाराजांवरच्या लेखातल्या मजकुराचा वाद तर सगळ्यांना आठवत असेल. मुख्यमंत्री बोलले, महाराष्ट्र सायबरने, म्हणजे राज्याच्या सायबर पोलिसांनी, मजकूर काढायला सांगितलं, संपादकांवर गुन्हा दाखल झाला. महाराजांबद्दल खटकणारं काही वाचून राग येणं साहजिक आहे, मी कोणाचा राग खोटा ठरवत नाही. पण खटकलेली ओळ कुठल्या साधनावरून आलीये, ते साधन कोणी कधी लिहिलं, ते कितपत विश्वासार्ह आहे, त्याच्या विरोधात कुठली मराठी, फारसी साधनं आहेत, हा सगळा वाद चर्चा पानावर घालायचा होता आणि आपल्याकडे तो घालू शकणारी अभ्यासू माणसं आहेत. पोलिसांच्या भीतीने ओळ जाईल कदाचित. सोबत संपादकही जातील, तेही आपलेच, ज्यांना या विषयात गोडी आहे ते. परत त्या पानाला हात लावायला कोण धजावेल?

म्हणून इतिहास, भाषा, विज्ञान शिकवणाऱ्या, वाचणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. लेख लिहायला वेळ नसेल तर नका लिहू. आपल्या विषयातले दोन-चार लेख निवडा, वर 'चर्चा' लिहिलंय तिथे टिचकी मारा, वाद चालू असेल तर दोन्ही बाजू वाचा आणि तुमच्याकडचं पुस्तक काढून पान नंबरसकट तिसरं मत लिहा, खाली सही करा. कोणाची बाजू घेतलीत यावरून कोणी चिडलं तर चिडू दे. वादात नसलेलं एक माणूस आलं तरी बोलण्याचा सूर बदलतो हे मी पाहिलंय. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर खाली कमेंटमध्ये विषय सांगा, ज्या लेखांवर गाडी अडलीये त्यांच्या लिंका मी देते.