समृद्धी महामार्ग झाला म्हणून कारखाने हलणार नाहीत

समृद्धी महामार्गामुळे उद्योग आपोआप मराठवाडा-विदर्भाकडे सरकतील, हे अलीकडे एका लेखात वाचलेलं गृहीतक मला पटत नाही. वाहतूक स्वस्त झाली की पुण्यात बनवून नागपुरात विकणंही तेवढंच सोपं होतं. पुण्याजवळच्या चाकणमध्ये रोज बघतो: डाय (सुट्या भागांचा साचा) बिघडली तर ती दुरुस्त करणारी टूलरूम जवळच, धातू तापवून कडक करणारी हीट ट्रीटमेंट पलीकडे, धातूवर मुलामा चढवणारं प्लेटिंग भोसरीला. बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत माल परत उत्पादनाच्या लाइनवर असतो. नुसती जमीन स्वस्त मिळते म्हणून ही सोय कोण सोडेल? आणि लातूर-नांदेडची पोरं मात्र इथे दाटीवाटीने एकेका खोलीत राहतात, याचं फार वाईट वाटतं.

१९५०च्या दशकात केंद्राने पोलाद देशभर सारख्या भावात द्यायचं ठरवलं. खाणींजवळ कारखाना काढण्याचा फायदाच उरला नाही; फायदा आपल्याकडच्या कारखान्यांना झाला आणि खाणी असलेला तेव्हाचा बिहार मागे पडला. देशाची बाजारपेठ एक झाली की सगळ्यांचं भलं होतंच असं नाही.

उद्योग खरंच कसे सरकतात, त्यासाठी औरंगाबादजवळच्या वाळूजचं उदाहरण बघा. १९८०च्या दशकात तिथे बजाज आली, मागोमाग सुटे भाग बनवणारे आले, तेव्हा औरंगाबादचं औद्योगिक रूप पालटलं. म्हणून जालना असो की अमरावती, सरकारने पुरवठादारांना सोबत घेऊन येणाऱ्या कंपनीलाच सवलत द्यावी. टूलरूम, टेस्टिंग लॅब आणि अखंड वीज त्याआधी हवी.