काडेपेटीची गोष्ट मुलांना अर्धीच सांगू नका

परवा तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावत होते. लायटर चालेना, म्हणून फडताळातून काडेपेटी काढली. माझी भाची दुसरीत आहे, ती शेजारी मांडी घालून बसली होती. मी काडी ओढली, चर्र झालं, ज्योत आली. तिने विचारलं, "मावशी, आग काडीत होती की पेटीत?"

केवढा नेमका प्रश्न! मला तर आयुष्यात कधी पडला नव्हता.

योगायोग असा की त्याच आठवड्यात तिला शाळेतून तक्ता करायला सांगितला होता, 'शोध आणि शोधक'. चार शोध, चार फोटो, खाली नाव आणि साल. स्टेशनरीच्या दुकानात असा छापील कागद तयारच मिळतो. चित्रं कापायची, चिकटवायची, झाला प्रकल्प. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते आज सविस्तर लिहिते आहे. सात वर्षांच्या मुलाला सालाशी काय करायचंय? तो शोध नव्हता तेव्हा घरात सकाळ कशी व्हायची, हे त्याला आधी कळायला हवं.

म्हणून मी तिला माझ्या आजीचं सांगितलं. रात्री जेवणं उरकली की आजीची आई चुलीतले दोन-तीन रसरशीत निखारे राखेखाली झाकून ठेवायची. पहाटे राख बाजूला सारायची, गोवरीचा चुरा टाकायचा आणि फुंकणीने फुंकत बसायचं. डोळ्यांतून पाणी यायचं, तेव्हा कुठे जाळ व्हायचा. निखारा विझलेला निघाला, तर गोवरीचा तुकडा देऊन आजीला शेजारी पिटाळायचे, "जा, विस्तव घेऊन ये." काडेपेटी घरात होती, पण ती जपून. शेजारी विस्तव असताना काडी ओढणं म्हणजे उधळेपणा. आणि काडेपेटी यायच्याही आधी चकमक होती. गारगोटीवर पोलाद आपटायचं, ठिणगी कापसात झेलायची आणि पावसाळ्यात कापूस सर्दला की हात टेकायचे.

"आणि विस्तव आणताना वाटेत विझला तर?"

"तर परत जायचं."

ती बराच वेळ गप्प बसली. अंधारात, अनवाणी, हातात जळती गोवरी घेऊन निघालेली आपल्याएवढी मुलगी तिला दिसत असावी. मग मी काडी तिच्या हातात दिली. एवढीशी लाकडाची काडी, पण आता तिला तिचं मोल कळलं होतं.

मग इंग्लंडची गोष्ट. स्टॉकटन-ऑन-टीज नावाच्या गावात जॉन वॉकर हा औषधविक्रेता होता. १८२६ साली त्याच्या लक्षात आलं की त्याने कालवलेलं एक मिश्रण काडीच्या टोकावर वाळलं आणि ती काडी घासली, की पेट घेते. १८२७ मध्ये त्याने अशा काड्या विकायला काढल्या. सोबत घडी घातलेला खरकागद द्यायचा, त्यातून काडी ओढली की जाळ. त्याने पेटंट घेतलं नाही, त्यामुळे लवकरच दुसऱ्यांनीही तशाच काड्या बाजारात आणल्या. आणि तक्त्यावर फोटो लावणाऱ्यांसाठी सांगते, १९७७ साली त्याच्या गावात त्याचा म्हणून जो अर्धपुतळा बसवला, तो पुढे त्याच नावाच्या भलत्याच माणसाचा असल्याचं उघड झालं. चेहरा चुकला, पण काडी त्याचीच.

बहुतेक पुस्तकांतली गोष्ट इथे संपते. माझं म्हणणं एवढंच आहे की खरी गोष्ट इथे सुरू होते.

१८३०च्या सुमारास काड्यांत पांढरा फॉस्फरस आला. अशी काडी कुठेही घासा, भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, चटकन पेटायची. स्वस्तही होती. पण पांढरा फॉस्फरस विषारी. कारखान्यात त्याची वाफ रोज नाकातोंडात जाणाऱ्या कामगारांचे आधी दात दुखायचे, मग जबड्याचं हाड कुजायचं. यात कितीतरी बायका होत्या, पोरवयाच्या मुली होत्या.

बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, एवढ्या लहान पोरीला कशाला सांगतेस हे?" मी सांगितलं. हाड कुजण्याचं वर्णन केलं नाही, "त्या धुराने त्यांचे जबडे खराब व्हायचे, फार दुखायचं" एवढंच म्हणाले. मुलं घाबरतील म्हणून आपण गोष्टीतली माणसंच काढून टाकतो आणि मग मुलांना इतिहासाचा कंटाळा येतो अशी तक्रार करतो. भाची घाबरली नाही. ती चिडली.

"मग त्यांनी दुसरी काडी का नाही बनवली?"

बनवली होती. हे सांगताना माझाच आवाज जड झाला. १८४४ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश याने विषारी नसलेला तांबडा फॉस्फरस वापरला, आणि तोही काडीवर न लावता पेटीच्या कडेला लावला. पुढे योन्शोपिंग गावच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी ही काडेपेटी कारखान्यात तयार करून जगभर नेली. आज तुमच्या-आमच्या घरात आहे ती हीच. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं, ते प्राणवायू पुरवतं. पेटीच्या तपकिरी पट्टीवर तांबडा फॉस्फरस असतो, ठिणगी त्याची. दोघं वेगळे राहतात तोवर शांत, घासले की भेटतात. म्हणजे आग काडीत होती की पेटीत, याचं उत्तर तिला मिळालं. तिने लगेच काडी फरशीवर घासून बघितली. पेटली नाही. मग पट्टीवर घासली (हात माझा धरून), आणि पेटली.

तर सुरक्षित काडी १८४४ सालीच होती. तरी विषारी काड्या बनतच राहिल्या, कारण त्या स्वस्त पडत. जुलै १८८८ मध्ये लंडनच्या पूर्व भागातल्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे १,४०० बायका आणि मुली काम सोडून बाहेर पडल्या. कामात बोललं तरी पगारातून दंड कापला जाई. जेवायला वेगळी जागा नसल्याने भाकरीबरोबर फॉस्फरसही पोटात जाई. त्यांची दैना वर्तमानपत्रात मांडली ती ॲनी बेझंट यांनी. हो, आपल्या शाळेच्या पुस्तकात होमरूल चळवळीत टिळकांच्या बरोबरीने ज्यांचं नाव येतं, त्याच. त्या मुली जिंकल्या. दंड बंद झाले, जेवायला वेगळी खोली मिळाली. विष मात्र लगेच गेलं नाही. १९०६ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात काही देशांनी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बंद करण्याचा करार केला आणि आपल्याकडे तसा कायदा झाला १९१३ मध्ये. चांगली काडी तयार असताना माणसांना तिची वाट बघत साठ-सत्तर वर्षं काढावी लागली.

आपल्याकडची बाजूही मुलांपासून लपवू नये. तमिळनाडूतल्या शिवकाशीच्या कारखान्यांत किती वर्षं लहान मुलं काड्या लावत, पेट्या भरत बसायची. १९८६च्या बालकामगार कायद्यात काडेपेटीचं काम धोक्याच्या कामांच्या यादीत आलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्याच प्रकरणात सांगितलं, धोक्याच्या कामावर मूल ठेवलं तर मालकाने त्या प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये भरावेत. भाचीने विचारलं, "माझ्याएवढी मुलं?" मी हो म्हणाले. तिने हातातली पेटी उलटीपालटी करून बघितली. दोन रुपयांची पेटी.

शिक्षकांना, आईबाबांना माझी मनापासून विनंती आहे. दहा शोधांचा तक्ता नको. एकच शोध घ्या, घरातला, हातात धरता येईल असा. पिठाची गिरणी घ्या, शिवणयंत्र घ्या, नळाची तोटी घ्या. आधी त्याच्याशिवायचा एक दिवस मुलांना जगून बघू द्या. जातं कुणाकडे असेल तर मूठभर ज्वारी दळायला लावा, हात भरून आले की गिरणी कळते. मग तो शोध कुणाच्या कष्टावर उभा राहिला ते सांगा, आणि त्यातलं वाईट कुणी, किती झगडून दूर केलं तेही. मुलांना हे सगळं पेलतं. त्यांचे प्रश्न आपल्यापेक्षा सरळ असतात.

काल तक्ता झाला. चार चौकटींपैकी तीन तिने पुसून टाकल्या. एक मोठी चौकट केली, त्यात उघडी काडेपेटी काढली. पट्टी तपकिरी रंगवली आणि बाजूला फ्रॉक घातलेल्या पुष्कळ मुली काढल्या, सगळ्यांची तोंडं उघडी, कारण त्या ओरडत होत्या. 'शोधकाचे नाव' या ओळीत जॉन वॉकर लिहिलं, पाश लिहिलं, आणि जागा उरली नाही म्हणून कागद आडवा करून कडेने लिहिलं, 'आणि लंडनच्या ताया'.

तक्ता आज शाळेत गेला आहे.